बुरूज एकच होता

मी, ऑर्विल फ्रेडरिक हाफेमान, वय वर्षे त्र्याहत्तर, पूर्वी काउंटीच्या मोजणी खात्यात नोकरी, आता काही नाही, राहणार ऑल्डर मिल, विस्कॉन्सिन, आज गुरुवार दिनांक १२ ऑक्टोबर २०१७ रोजी माझ्याच स्वयंपाकघरात बसून हे मृत्युपत्र सांगत आहे आणि माझी मुलगी मार्लिस ते टंकत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी दटावलेले नाही. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. फुप्फुसे ठिकाणावर नाहीत, पण ती मला कोणाच्या नावे करायची नाहीत.

१९९४ साली केलेले मृत्युपत्र याने रद्द होते. त्यात मी सर्व काही पत्नी अर्डिस हिला दिले होते. ती माझ्याआधी गेली. उभ्या संसारात मला न विचारता तिने केलेली ही एकच गोष्ट.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी मार्लिसने करावी. ती शाळेच्या ग्रंथालयात काम करते, त्यामुळे वस्तू ज्याच्या त्याला पोचवण्याची तिला सवय आहे.

कलम १. राहते घर, खालचे तळघर आणि भोवतालची जागा मार्लिसला. उत्तरेच्या हद्दीबाबत एक खुलासा करून ठेवतो. शेजारी टेश्के यांची लाकडाची शेड आमच्या जागेत चौदा इंच आत आली आहे. हे मला १९७९ पासून ठाऊक आहे. मी बोललो नाही, कारण बर्निस टेश्के वर्षातून दोनदा सफरचंदाचा केक आणून देते, आणि चौदा इंचांना तो केक पुरून उरतो. ज्या वर्षी केक बंद होईल त्या वर्षी मार्लिसने मोजणी मागवण्यास माझी हरकत नाही.

कलम २. बँकेत जे असेल ते मार्लिसला. किती आहे ते बँक सांगेल.

कलम ३. माझी पोलादी साखळी आणि तिपाईवरची दुर्बीण काउंटीच्या मोजणी खात्याला. तिथे आता सगळे उपग्रहाला विचारून चालते, तरी दोन्ही भिंतीवर टांगून ठेवाव्यात. नव्या पोरांना निदान एवढे सांगावे की इथली पहिली मोजणी झाली तेव्हा सगळे जंगल आणि दलदल होती. मोजणीदार कोपऱ्यावर लाकडी खुंटी ठोकत असे. खुंटी कुजणार हे त्याला ठाऊक होते, म्हणून तो जवळच्या दोन झाडांवर खूण करी आणि ती वहीत उतरवी. त्यांना आमच्या धंद्यात साक्षीदार झाडे म्हणतात. खुंटी गेली तरी झाडे सांगतात ती कुठे होती.

काही वह्या मात्र खोट्या आहेत, न चालता तंबूत बसून भरलेल्या. मी एकदा तीन दिवस कमरेइतक्या चिखलात एक तळे शोधत फिरलो आणि तिथे तळे नव्हतेच. दीडशे वर्षांपूर्वी कोणा आळशाने शेकोटीशी बसून ते काढले होते. त्या माणसाला मी जन्मभर शिव्या घातल्या. हे ध्यानात ठेवावे, कलम सहाला लागेल.

कलम ४. माझा मेहुणा व्हर्नन याला मागच्या अंगणातले कचरा जाळायचे लोखंडी पिंप.

मार्लिस म्हणते, मामाबद्दल असे लिहू नये. लिही, मार्लिस. १९७६ पासून दर गुरुवारी आमच्या तळघरात एक खेळ चालत आला आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: चार-पाच माणसे टेबलाभोवती बसतात आणि प्रत्येक जण एक सोंग घेतो, कोणी नावाडी, कोणी चोर, कोणी जादूगार. एक जण सूत्रधार असतो. तो पुठ्ठ्याच्या पडद्याआड नकाशे मांडून बसतो आणि बाकीच्यांना समोर काय दिसते ते सांगतो. आपण काय करणार ते बाकीचे सांगतात. पुढे काय झाले याबद्दल शंका असली की फासे टाकतात. सूत्रधार मी होतो. व्हर्नन चर्चचा कारभारी, त्याने कुठेतरी वाचले की या खेळात सैतान येतो. १९८३ च्या वसंतात आम्ही गावाला गेलो असताना त्याने तळघरात शिरून नकाशांचे खोके त्या पिंपात जाळले. खेळातल्या जगाची दोन खंडे, सात वर्षांची मेहनत, राख झाली. अर्डिसने त्यानंतर भावाला दोन वर्षे घरात घेतले नाही. मी त्याला केव्हाच माफ केले आहे, पण पिंप त्याने न्यावे.

कलम ५. खेळात सोंगांच्या जागी नकाशावर ठेवायच्या शिशाच्या रंगवलेल्या सगळ्या बाहुल्या डुआन स्कोगेन याला. डुआन ट्रॅक्टर दुरुस्त करतो आणि पहिल्या गुरुवारपासून आमच्यात खेळतो. आमच्या टेबलावर एक रिवाज आहे, तो त्याच्यामुळेच पडला. नव्या जागी जो पहिला उभा राहील, त्याच्या तोंडून निघालेले पहिले शब्द हेच त्या जागेचे नाव. पहिल्या वर्षी मी त्याला विचारले, तुझ्यासमोर एक मोठी नदी आहे, तिचे नाव काय? तो म्हणाला, "थांब जरा, बूट काढतो." तेव्हापासून त्या नदीचे नाव थांब जरा. तिच्या काठी पुढे दोन लढाया झाल्या आणि एक राणी बुडाली.

कलम ६. हिरव्या रंगाचा आठ बाजूंचा एक फासा आणि शिसपेन्सिलीने काढलेला एका गावाचा नकाशा, या दोन वस्तू क्लेमेंट पिओंटेक यास. क्लेम चीज करायचा, जन्मभर तेच केले. तो माझा सगळ्यात जुना मित्र आहे आणि एकतीस वर्षे आम्ही बोललेलो नाही. शुक्रवारी मासे खायला सगळे गाव जाते तिथे आम्ही एकमेकांना मान हलवतो आणि पाठीला पाठ लावून बसतो. अर्डिसच्या अंत्यविधीला तो शेवटच्या रांगेत उभा होता. जाताना चर्चच्या स्वयंपाकघरात चीजचा अख्खा गोल ठेवून गेला. कोणी ठेवला ते कोणाला विचारावे लागले नाही.

झाले ते असे. १९८६ च्या नोव्हेंबरात क्लेमच्या चुलत्याने चीजचा कारखाना एका मोठ्या कंपनीला विकला. क्लेम तिथे वीस वर्षे राबला होता. त्याला कोणी विचारलेसुद्धा नाही, नोटीस वाचून त्याला कळले. त्याच आठवड्यातल्या गुरुवारी खेळात वाटेला दोन फाटे फुटले. उजवीकडे झाडांवर धूर दिसत होता, डावीकडे दलदल. क्लेमचे सोंग म्हणजे ओब्रेक नावाचा म्हातारा नावाडी. आठ वर्षे तो त्याला जपत आला होता. सगळ्यांनी वाट निवडायचे काम ओब्रेकवर सोपवले आणि क्लेम तासभर विचार करत बसला.

"क्लेम, चीज मुरायला ठेवलंस काय?" डुआन म्हणाला. "ठरव की लेका."

"ठरवू दे रे. या आठवड्यात मला एवढंच एक ठरवायला मिळालंय." मग तो माझ्याकडे वळला. "उजवीकडे धूर आहे म्हणजे तिथे कोणीतरी टपलेलं आहे. आपण डावीकडून जाऊ. पाय भिजतील, पण मरणार नाही कोणी."

ते डावीकडे गेले. दलदलीच्या मध्यावर एक बुरूज लागला आणि त्या बुरुजाच्या तिसऱ्या पायरीवर ओब्रेक मेला.

खेळ संपल्यावर बाकीचे जिना चढून गेले. क्लेम मागे राहिला.

"ऑर्व्ह, उजवीकडे गेलो असतो तर काय होतं?"

आता खरे लिहितो. बुरूज एकच होता. तो काढायला मला महिना लागला होता आणि तो वाया जाऊ नये म्हणून माझ्या कागदावर लिहिलेले होते: डावीकडे गेले तर बुरूज, उजवीकडे गेले तर बुरूज. क्लेमने तासभर जे ठरवले त्याला काडीचा अर्थ नव्हता. मी म्हणालो, "गाव होतं. नदीकाठी. चांगली माणसं होती."

"नकाशा दाखवशील?"

"पुढच्या गुरुवारी दाखवतो."

आठवडाभर बसून मी गाव काढले. एकोणीस घरे, एक पूल, एक पाणचक्की. खाली तारीख घातली ती तीन महिने आधीची. काउंटीभरच्या हद्दींवर माझ्या ज्या सहीला मान होता, तीच सही मी त्या कागदावर केली. पुढच्या गुरुवारी क्लेमने नकाशा हातात घेतला, गावावरून अंगठा फिरवला आणि अंगठा उलटा करून पाहिला. ताजे शिसे लागून तो काळा झाला होता. "पाणचक्की पण काढलीस," एवढेच तो म्हणाला. नकाशा तिथेच ठेवला, आपले फासे गोळा करून खिशात टाकले आणि जिना चढून गेला. हिरवा फासा टेबलाखाली घरंगळला होता, तो मला नंतर सापडला.

तंबूत बसून तळे काढणारा तो आळशी मोजणीदार आणि मी, आमच्यात काही फरक नाही. त्याने निदान मित्राला तरी फसवले नव्हते. क्लेमची मला क्षमा मागायची होती आणि एकतीस वर्षे तोंड उघडले नाही. माझ्या पश्चात मार्लिसने हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.

कलम ७. तळघरातल्या कपाटात निळे खोके आहे. त्यात एक जग आहे. तेही क्लेमेंट पिओंटेक यास.

गेला हिवाळाभर, नाकात ऑक्सिजनची नळी लावून, मी हे जग जुळवत होतो. खेळणारी मंडळी वसंतात बसायची होती, पण वसंतात मी रुग्णालयात होतो. हे जग नवे आहे, कोवळे आहे. डोंगर अजून गरम आहेत, हात लावला तर चटका बसतो. नद्यांचे ठरलेले नाही, बर्फ वितळले की त्या कूस बदलतात. देव तीनच आहेत, लहान आहेत, आणि त्यांच्याकडे अजून कोणी काही मागितलेले नाही. माणसे नुकतीच तीन होड्यांतून उतरली आहेत. त्यांच्यापाशी बियाणे, दोन शेळ्या आणि एक घंटा आहे. कशालाच नाव नाही.

सवयीने मी आधी डोंगररांग काढायला घेतली होती. अर्धी झाल्यावर खोडली. नंतर एक बंदर काढले, तेही खोडले. तिसऱ्यांदा नवा कागद घेतला. खोक्यात चौकटी आखलेला एक मोठा कागद आहे आणि त्यावर तीनच खुणा आहेत: होड्या लागल्या तिथली खुंटी आणि तिची दोन साक्षीदार झाडे. बाकी सगळा कोरा. सोबत एक वही आहे. तिच्यात जागा नाहीत. वारा कसा बदलतो, जनावरे माणसाला प्रथमच पाहून काय करतात, कोणत्या मातीत पाय किती रुततो, असे लिहिले आहे. कुठे काय आहे ते फासे ठरवतील आणि जे चालत जातील ते ठरवतील.

सूत्रधाराला माझ्या अटी दोन. पडदा वापरायचा नाही, तो मी फाडून टाकला आहे. आणि कोणी विचारले की पलीकडे काय आहे, तर ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव आणायचा नाही. "मला माहीत नाही" असे सरळ म्हणायचे. एक्केचाळीस वर्षे मी सूत्रधार होतो, हे तीन शब्द एकदाही म्हटले नाहीत. मला वाटायचे, सूत्रधाराला माहीत नाही असे कळले तर टेबलावर कोणी बसणार नाही.

हे जग मला चालवायचे होते. श्वास पुरत नाही. क्लेमला ते नको असेल तर त्याने कागद कोराच घडी घालून ठेवावा. त्यावर रागाने काही काढू नये, एवढी विनंती.

कलम ८. अंत्यविधी लुथेरन चर्चमध्ये. नंतर तळमजल्यावर हॅम आणि कॉफी. स्तोत्रे चार कडव्यांहून लांब नकोत. व्हर्ननने यावे, बोलू नये.

सही साक्षीदारांसमोर करावयाची आहे.

वरील मजकूर सहीवाचून दोन आठवडे पडून राहिला. आज गुरुवार दिनांक २६ ऑक्टोबर. पुढील मजकूर त्याच यंत्रावर मार्लिसच टंकत आहे आणि तो वरच्या मजकुराचाच भाग समजावा.

माझ्या मुलीने कलम सहाचा भंग केला आहे. मी मरायची तिने वाट पाहिली नाही. त्या दिवशी ते कलम टंकून झाल्यावर तिने बोटे यंत्रावरून उचलली.

"बाबा, मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"बुरूज एकच होता ते. मी तुमच्या शेजारीच बसायचे ना, पडद्याच्या आतल्या बाजूला. पंधरा वर्षांची होते, वाचता येत होतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही माझे बाबा होतात," ती म्हणाली. "आणि क्लेमकाका मला दर गुरुवारी चीजचे ताजे तुकडे आणायचे. मी कोणाच्या बाजूने बोलायचं होतं?"

तिने पोटात ठेवले आणि तेही एकतीस वर्षे, हे माझ्या हिशेबातच नव्हते. मी मार्लिसची माफी मागतो. ती म्हणते, पुढे सांगा.

त्याच संध्याकाळी तिने क्लेमला फोन केला. मला आज सकाळी सांगितले. मी चिडलो, तर म्हणाली, "तुम्ही गेल्यावर मी त्यांना वाचून दाखवायचं? आणि त्यांनी उत्तर कोणाला द्यायचं, शवपेटीला?"

दुपारी दोनला क्लेम आला. हातात चीजची पिशवी होती. टोपी न काढता खुर्चीवर बसला. मार्लिस वाचून दाखवायला लागली तर त्याने कागद मागून घेतला आणि ओठ हलवत स्वतः वाचला. फार वेळ लावला. मी नळीतून श्वास घेत त्याच्या अंगठ्याकडे पाहत होतो.

"पाणचक्की मात्र छान होती," शेवटी तो म्हणाला. "त्या गावात मी राहिलोच असतो."

"तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

"अंगठा काळा झाला तेव्हाच."

"मग तोंडावर का नाही बोललास?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मी पण काही कमी हट्टी नाही. अर्डिसच्या वेळी येणार होतो तुझ्याजवळ. चीज ठेवलं आणि पळालो."

मी म्हणालो, चूक माझी होती, क्लेम, मला माफ कर. तो म्हणाला, हो. एवढेच म्हणाला. माझ्या डोळ्यांना पाणी आले ते लिहू नकोस असे मी मार्लिसला सांगितले होते.

मग कायद्याची अडचण निघाली. सहीला दोन साक्षीदार हवेत. शेजारची बर्निस तयार होती, दुसरे कोणी नव्हते. ज्याला मृत्युपत्रात काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये असे वकिलांनी बजावले आहे. मी क्लेमला म्हणालो, तू राहू दे, तू वारस आहेस, मी डुआनच्या कोणा नातेवाइकाला बोलावतो.

"वारस व्हायचं तर आधी तू मरायला पाहिजेस," क्लेम म्हणाला. "साक्षीदार आत्ता होता येतं. खोड माझं नाव."

म्हणून कलम ६ आणि ७ मधले क्लेमेंट पिओंटेक याचे नाव मी रद्द करत आहे. हिरवा फासा मी त्याला आजच हातोहात दिला. गावाचा खोटा नकाशा त्याने मागून घेतला आणि माझ्यासमोर घडी घालून खिशात ठेवला. जग मार्लिसला. पंधराव्या वर्षी तिला पडद्याआडचे दिसत होते, तेव्हा सूत्रधार होण्यासाठी तिला वेगळे काही शिकवायची गरज नाही.

फासा हातात घेऊन क्लेम थोडा वेळ खुळखुळवत बसला. मग विचारले, "ते खोकं कुठाय?"

मार्लिसने खोके वर आणले आणि कागद टेबलावर पसरला. माझ्यात तासाभराचा दम होता. क्लेमने नवे सोंग घेतले, पुन्हा नावाडीच. मी विचारले, ओब्रेकचा कोण? म्हणाला, कोणी नाही, मेलेल्याला कशाला ओढतोस. त्याने बाहुली खुंटीवर ठेवली, दोन झाडांच्या मध्ये.

"डावीकडे जातो," तो म्हणाला. "दहा पावलं गेलो. काय आहे तिथे?"

खेळताना माझ्यासमोर जिथे पडदा असायचा तिकडे माझी नजर गेली. तिथे मीठदाणी होती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

क्लेमने माझ्याकडे पाहिले. "एकदाचं बोललास."

मार्लिसने पेन्सिल उचलली. रिवाज रिवाज आहे, नव्या जागी पहिले शब्द हेच होते. तिने ते कागदावर लिहिले आणि मग क्लेमने फासा टाकला. दलदल निघाली. ते फाशाने ठरवले, मी नाही. त्या जगातली पहिली नाव असलेली जागा म्हणजे एकदाचं बोललास नावाची दलदल, खुंटीपासून डावीकडे दहा पावलांवर. पाय भिजले. मेले कोणी नाही.

हा कागद आता कोरा राहिलेला नाही, याची मार्लिसने नोंद घ्यावी.

वरील सर्व मजकूर मी वाचला, तो माझ्याच तोंडचा आहे, आणि खाली नमूद दोघांच्या समक्ष मी त्यावर सही करत आहे. खुंटी कुजायची ती कुजेल.

ठिकाण: ऑल्डर मिल, विस्कॉन्सिन
दिनांक: २६ ऑक्टोबर २०१७

(सही) ऑर्विल फ्रेडरिक हाफेमान

साक्षीदार १: (सही) बर्निस टेश्के. यांनी माझ्यासमोर शुद्धीत सही केली. शेड बारा इंच आत आहे, चौदा नाही. केक चालू राहील.

साक्षीदार २: (सही) क्लेमेंट पिओंटेक. यांनी माझ्यासमोर सही केली. शाई वाळेपर्यंत मी अंगठा लावलेला नाही. मला यातून काही मिळत नाही. पुढच्या गुरुवारी दोनला मी येणार आहे, ऑर्व्ह असला तरी आणि नसला तरी.